पेशी कोणी शोधली? पैज भुट्ट्याच्या किसाची

प्रश्न : माझी नात नववीत आहे, हिंदी माध्यमात. तिच्या पुस्तकात आहे की कोशिकेचा, म्हणजे आपल्या पेशीचा, शोध 1665 साली रॉबर्ट हूकने लावला. मी म्हणते, त्याने पाहिलं ते मेलेलं बूच, झाडाची वाळकी साल. जिवंत जीव पाहिला लेव्हेनहूकने, म्हणून मान त्याचा. पैज सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाची आहे. शिवाय मी 'पेशी' म्हटलं की पोरगी हसते, "आजी, पेशी तर कोर्टात असते!" निकाल तुम्हीच द्या.
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, कीस तुम्हीच खाऊ घाला. पण पूर्ण हरलात असंही नाही.

मी इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. दर जुलैत नवी बॅच यायची आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला कोणीतरी ओरडायचं, "सर, सेल दिसली!" जाऊन बघावं तर ठसठशीत काळी कड असलेला गोल गरगरीत हवेचा बुडबुडा. पेन्सिलीच्या टोकाने कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावरची पातळ काच, जराशी दाबली की 'सेल' पळून जायची. मुलांनी तोवर वहीत आकृती काढून नावंही दिलेली असायची! सांगायचं काय, भिंगाखाली दिसणं वेगळं आणि काय दिसतंय ते कळणं वेगळं. तुमच्या पैजेची गाठ इथेच आहे.

हूकने काय केलं बघा. चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली आणि बुचाचा अगदी पातळ काप काढला. काप पांढुरका, म्हणून तो काळ्या तबकडीवर ठेवला आणि जाड भिंगातून त्यावर उजेड पाडला. दिसल्या त्या बारीक बारीक पोकळ्या. त्याने त्यांना मधाच्या पोळ्याची उपमा दिली आणि शब्द वापरला 'सेल'. लॅटिनमध्ये 'सेला' म्हणजे लहान खोली. मग गडी मोजायला बसला. इंचाच्या अठराव्या भागात एका ओळीत साधारण 60 खोल्या, म्हणजे इंचाला 1080. त्याचा घन केला तर एका घन इंचात 125 कोटी 97 लाख 12 हजार! नातीला कॅल्क्युलेटर देऊन करायला सांगा, बरोबर येतं.

पण त्याचा मूळ प्रश्न जीवाचा नव्हताच. बूच इतकं हलकं का, पाण्यावर तरंगतं का, दाबलं तर परत का फुगतं, हे त्याला हवं होतं. खोल्यांत हवा कोंडलेली आहे म्हणून, असं उत्तर मिळालं आणि तो पुढच्या वस्तूकडे वळला. ओल्या वनस्पतींत याच खोल्या रसाने भरलेल्या दिसतात, हेही त्याने लिहून ठेवलंय. तेव्हा 'फक्त मेलेलं बूच' हा आरोप थोडा अन्यायाचा.

लेव्हेनहूक नेदरलँड्सच्या डेल्फ्ट गावचा कापडवाला. आपल्या एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये शोभला असता. लॅटिन येत नव्हतं, पत्रं डच भाषेत लिहायचा. हूकच्या यंत्रात एकाहून जास्त भिंगं, त्यामुळे एकाचा दोष दुसरं भिंग वाढवायचं, कडेला रंगांची झालर यायची. याचं भिंग एकच, मण्याएवढं, पितळी पट्ट्यांत बसवलेलं. समोर सुईच्या टोकावर नमुना आणि डोळा अगदी भिंगाला चिकटवलेला. त्याच्या उरलेल्या भिंगांपैकी एक सुमारे 270 पट मोठं दाखवतं. 1676 च्या पत्रात त्याने मिऱ्यांच्या पाण्यातले इतके बारीक जीव कळवले की लंडनच्या रॉयल सोसायटीत, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या मंडळात, कोणाचा विश्वास बसेना. मग तपासायचं काम कोणाकडे? हूककडेच! नोव्हेंबर 1677 मध्ये त्याने ते जीव सदस्यांना दाखवले. म्हणजे नातीच्या अर्थाने 'पेशी', कोर्टातली हजेरी, झालीच म्हणा, आणि साक्ष दिली हूकने, तुमच्या अशिलाच्या बाजूने.

तरी 'सगळे सजीव पेशींचे बनलेले' हे दोघांपैकी कोणी म्हटलं नाही. ते श्लायडेनने 1838 मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वानने 1839 मध्ये प्राण्यांबद्दल म्हटलं. मधली पावणेदोनशे वर्षं गेली त्याला ती रंगांची झालर बरीच कारणीभूत. चांगली भिंगं 1830 च्या आसपास आली. ब्राऊनने 1831 मध्ये ऑर्किडच्या पेशींतलं केंद्रक, म्हणजे आतला गोलसर भाग, ओळखलं. पेशी पेशीपासूनच होते, हे फिरखोने ठासून सांगितलं ते 1855 मध्ये.

तेव्हा शब्द आणि पहिली खोली हूकची, जिवंत एकपेशीय जीव लेव्हेनहूकचे. पुस्तकातलं वाक्य चूक नाही, अर्धं आहे.

प्रश्न : नातवासाठी मायक्रोस्कोप घ्यावा का? दुकानदार '1200 पट' म्हणतो.
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : खेळण्यातले 1200 पट म्हणजे 1200 पट धुकं. घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप मिळतो का बघा. मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने केलेला आहे. एकच मणीभिंग, सुमारे 140 पट, थेट लेव्हेनहूकच्या वळणाचा. कांद्याच्या पाकळीचा आतल्या बाजूचा पापुद्रा, त्यावर केमिस्टकडच्या टिंक्चर आयोडीनचा थेंब, की केंद्रकासकट पेशी दिसतात. पुढच्या रविवारी सिरपूर तलावाचं पाणी आणा. फक्त कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळूहळू सोडा, नाहीतर पहिली 'सेल' बुडबुडाच निघायची.