मी काय खाल्लं म्हणून बाळ रडलं?

हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी ऐकायला मिळतो. कधी माहेरी आलेली बाळंतीण विचारते, कधी रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झालेली, कधी तर नवऱ्याचाच फोन येतो की मॅडम हिला जरा समजवा, ही काही खातच नाही. गोव्यात, फोंड्याला समुपदेशन करून मला आता सोळा वर्षं होतील. सुरुवातीला वाटायचं की हा डाएटिशियनचा प्रश्न, माझ्याकडे कशाला येतात. आता तसं वाटत नाही. म्हणून एक केस सांगते. दोन-तीन घरांतलं एकत्र केलंय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि आठ-नऊ भेटींमधलं मोजकंच लिहितेय.

ती आली तेव्हा बाळ सात महिन्यांचं होतं. नोकरी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, औषधांच्या कंपनीत क्वालिटीला. घर माशेलच्या बाजूला, घरात सासू-सासरे, नवरा, नणंद. स्कूटर चालवताना दोनदा घेरी आली म्हणून आले असं म्हणाली, पण खुर्चीत नीट बसायच्या आधीच पुढचं वाक्य, "काल रात्री तीनदा उठला, मी दुपारी मुगाची आमटी खाल्ली होती ना."

मी विचारलं, आज काय खाल्लंस? तिने पिशवीतून डबाच काढून दाखवला. उकड्या तांदळाचा भात, दुधीची भाजी, कडेला मीठ. भाजीत खोबरं नाही, फोडणी नाही, दुधी नुसता पाण्यात शिजवून पांढराफटक. अर्धा डबा तसाच होता आणि संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. खाली रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तर तिची मान खिडकीकडे वळली आणि लगेच परत आली. मी म्हटलं, पाव आवडतो? "उंडो. पण आता बंद आहे."

मग तिने मोबाईलवर फ्रीजचा फोटो दाखवला. फ्रीजवर कागद, कागदावर बंद असलेल्या गोष्टी. दूध आणि दुधाचे पदार्थ. सगळ्या डाळी. कोबी-फ्लॉवर. अंडी. मासे. गहू. शेंगदाणे. आंबा. फणस. तिखट. आणि अकरावं, नारळाचं दूध! मी विचारलं हे का गं, तर म्हणे दूधच ना ते पण. म्हणजे गोव्यातल्या घरात सोलकढी बंद, हुमण म्हणजे माशांची आमटी बंद, आमटीतलं वाटण बंद. माणसाने जगायचं कशावर?

आता हे सगळं वेडेपणा होता असं नाही, हे आधी सांगते, नाहीतर सासवांना शिव्या घालणाऱ्या लेखांत अजून एकाची भर. बाळ सहा आठवड्यांचं असताना त्याच्या शीमध्ये रक्ताच्या बारीक रेषा आणि चिकट बुळबुळीत आव दिसली होती. बालरोगतज्ज्ञांनी गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असावी अशी शंका घेऊन तिला दूध आणि दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद ठेवायला सांगितलं. हे बरोबर होतं, कारण आईने घेतलेल्या दुधातलं प्रोटीन अगदी थोड्या प्रमाणात का होईना, अंगावरच्या दुधात उतरतं. शी सुधारलीही. पण डॉक्टरांनी पुढचं एक वाक्य सांगितलं होतं, की नंतर परत सुरू करून बघायचं. ते वाक्य त्या घरात कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

आणि त्याच दिवसांत एक घोळ झाला, जो मी कितीतरी घरांत बघितलाय. बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांचं होईतो आपोआप कमी होतं, आई काहीही खावो. इथे काय झालं, बाळ रडलं की एक वस्तू बंद, परत रडलं की अजून एक बंद, आणि मग वयाप्रमाणे रडणं कमी झालं ते नेमकं दहावी-अकरावी वस्तू बंद केल्यावर. श्रेय कोणाला? पथ्याला. मग परत सुरू करायची हिंमत कोण करणार.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली ती पण सांगते. मी आकडे सांगत बसले. दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, नंतरच्या सहा महिन्यांत ५२० च्या आसपास, कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम, प्रोटीन एवढं, हे आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेचेच आकडे. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी आली ती जास्तच ओढलेली, कारण आता बाळाला बाधू नये याच्या जोडीला आपण ६०० कॅलरी कमी पडतोय हीही काळजी लागली. घाबरलेल्या माणसाला माहिती दिली की भीतीला अजून खुराक मिळतो, हे मी इतरांना शिकवते आणि स्वतःच विसरले. रक्ततपासणीला मात्र तेव्हाच पाठवलं, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं, बी-१२ कमी. वजन गरोदरपणाच्या आधीपेक्षा सहा किलोने खाली. त्यामुळे घेरीचं कोडं सुटलं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

तिसऱ्या भेटीला मी तिला तो कागदच आणायला सांगितला, फोटो नको. माझी पद्धत थोडी अशीच आहे, समोर माणूस एकटा बसलेला असला तरी मी त्याच्या मागचं घर बघत असते. कागद टेबलावर पसरला आणि मला हसूच आलं. तीन वेगवेगळी अक्षरं होती. दूध तिच्या अक्षरात. डाळी, फणस, आंबा मोठ्या वळणदार अक्षरात, सासूबाईंच्या. गहू आणि शेंगदाणे नणंदेने इंटरनेटवर वाचून हिरव्या पेनाने लिहिलेले.

मी विचारलं, "यात लिहायचा अधिकार कोणाकोणाला आहे?"

"सगळ्यांनाच. जो कोणी आठवेल तो लिहितो."

"आणि खोडायचा?"

ती गप्प बसली. बराच वेळ. मी पण काही बोलले नाही, इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलेय. मग ती म्हणाली, आणि हे मी शब्दशः लिहून ठेवलंय (डेव्हिएशन म्हणजे कामात ठरलेल्या पद्धतीपेक्षा काही वेगळं घडलं की करायची नोंद), "मॅडम, आमच्याकडे डेव्हिएशन उघडलं की ते क्लोज करावंच लागतं. कारण लिहायचं, तारीख घालायची, कोणी बघितलं त्याची सही. नाहीतर ऑडिटमध्ये धरतात. आणि मी घरी अकरा उघडी ठेवलीत."

मला जे दोन भेटी सांगता येत नव्हतं ते तिने तिच्या कामाच्या भाषेत एका दमात सांगितलं. मी फक्त पेन पुढे केलं. तिने तिथेच रकाने आखले. कधी बंद केलं, का, कोणी सांगितलं, बाळाला नेमकं काय झालं होतं, परत कधी सुरू करणार. अकरापैकी आठ ओळींमध्ये "बाळाला नेमकं काय झालं" समोर तिला एकच शब्द लिहिता आला, रडला. आणि नारळाच्या दुधासमोर तोही नाही. तिथे ती स्वतःच हसली, सात महिन्यांत पहिल्यांदा असं हसले म्हणाली.

मला वाटतं पथ्याच्या बहुतेक केसेसमध्ये हीच गोष्ट असते. घरातल्या प्रत्येकाला ताटातलं काढून घ्यायचा हक्क असतो, परत वाढायची जबाबदारी कोणाची नसते. आई एकटी ती जबाबदारी घेत नाही कारण उद्या बाळ रडलं तर बोट तिच्याकडे येणार.

पाचव्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या नऊवारीत नाहीत, गावठी खलनायिकेसारख्या तर अजिबात नाहीत, साध्या सुती साडीतल्या, हातात पिशवीभर गावठी केळी. बसल्या आणि म्हणाल्या, "फणसानं बाळाक बादता गो, म्हणून सांगितलं, माझं काय जातंय?" मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मग त्या जे बोलल्या ते सुनेलाही माहीत नव्हतं. त्यांचं माहेर दिवाडीचं. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळ दोन महिन्यांचं, रात्री जुलाब सुरू झाले. बेटावर पूल नाही, फेरीबोट सकाळी. रात्रभर बाळाला मांडीवर घेऊन धक्क्याजवळ बसल्या होत्या, आणि त्यांच्या आत्याने सगळ्यांसमोर म्हटलं, काल फणस खाल्लास ना तू. बाळ वाचलं, आज तो मुलगा म्हणजे हिचा नवरा. पण ते वाक्य काही गेलं नाही.

"हिला कोणी तसं बोलू नये म्हणून आधीच बंद केलं," त्या म्हणाल्या.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मी तेव्हा काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. अशा वेळी समुपदेशकाने टेबलावरचा चहा पुढे सरकवावा, बस. पण घरी जाताना मला वाटत होतं की ही बाई यादी वाढवत नव्हती, सुनेला त्या धक्क्यावरून उठवत होती, फक्त तिची रीत चुकली होती.

आता जे तुम्ही वाचताय आणि स्वतःचा फ्रीज आठवताय त्यांच्यासाठी थोडं सरळ बोलते. आईच्या पोटातला गॅस दुधात जात नाही. दूध रक्तातून बनतं, आणि कोबीने किंवा डाळीने झालेला वायू आतड्यातच राहतो, तुमचं पोट फुगेल, बाळाचं नाही. लसणासारखे वास-चवी मात्र दुधात उतरतात, त्याने बिघडत काही नाही. खरोखर काळजी करायची ती शीमध्ये रक्त, सारख्या उलट्या, वजन न वाढणं, अंगभर न जाणारं इसब यांची, आणि यातलं काही दिसलं तर डॉक्टर, व्हॉट्सॲप ग्रुप नाही. अंगावर अचानक गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल, आणि तसं कधी झालं असेल तर ती वस्तू घरी परत करून बघायची नाही. एरवी बंद केलेलं परत घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून, एका वेळी एकच वस्तू, आणि आठवडाभर बघायचं. दोन वस्तू एकदम सुरू केल्या की काय बाधलं ते कळत नाही आणि परत दोन्ही बंद होतात. दूध बंद असेल तर पाकिटावरचं वाचा, बिस्किटात दूध पावडर असते, व्हे म्हणजे दुधाची निवळी असते. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, नाचणीचंच आपलं तिजण आहे, काट्यासकट खाता येतील असे बारीक मासे आहेत, तीळ आहेत. तरी गोळी लागणार का ते डॉक्टर ठरवतील.

नोकरीचंही बोललंच पाहिजे कारण तिचं अर्धं दुखणं तिथे होतं. ती दूध काढायची ते स्टोअररूममध्ये, दाराला खुर्ची लावून, आणि त्या वेळात जेवायची नाही कारण ब्रेक एकच. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा झाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेगळे ब्रेक द्यायचे हे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलंय, ते एचआरलाही माहीत नसतं. तिने अर्ज दिला, थोडी कुरकुर झाली, पण मिळाले. एक ब्रेक दुधाला, जेवणाची सुट्टी जेवणाला. काढलेलं दूध पंचवीस डिग्रीपर्यंत चार तास टिकतं असं म्हणतात, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंचवीस डिग्री कुठल्या खोलीत असते? लगेच बर्फाच्या पिशवीत, घरी फ्रीजमध्ये, चार दिवसांच्या आत वापरायचं. आणि सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं खाणं सुरू झालेलं असतं, त्यामुळे त्याच्या पोटातल्या प्रत्येक हालचालीची जबाबदार तुम्ही एकट्या नाही, हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, अरे हो की.

अजून एक. खाण्याच्या काळजीआड कधीकधी दुसरंच काहीतरी असतं. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास असतो. मी हिच्याबाबतीत हे पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

पुढचं थोडक्यात. पहिलं परत आलं ते नारळाचं दूध, त्याला परवानगी कोणाचीच लागली नाही. मग डाळी, मग मासे, बांगड्याचं हुमण खाल्लं त्या दिवशी मला रात्री नऊ वाजता मेसेज, नुसताच ताटाचा फोटो. गहू, अंडी, शेंगदाणे एकेक करत आले. दूध डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू करून बघितलं तर पाचव्या दिवशी परत तीच बुळबुळीत शी. म्हणजे ती शंका खरी होती. ते बंद केलं, बाळ वर्षाचं झाल्यावर परत बघू म्हणाले डॉक्टर. मला भीती होती की आता ही कोसळणार. तर ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम, याला कारण आहे, तारीख आहे, सही आहे."

शेवटच्या भेटीला कागद दाखवायला आणला होता. दहा ओळींवर काट, प्रत्येकीसमोर तारीख. मी नीट बघितलं तर फणसावरची काट सुनेची नव्हती, मोठ्या वळणदार हाताची होती. खाल्लास का विचारलं तर म्हणाली सीझन संपला, पुढच्या वर्षी बघू. सासूबाईंनी खाल्ला का ते मी विचारलं नाही.