कळलावी वाळली म्हणून उपटू नका

संगमेश्वर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय : "परसात कुंपणाला कळलावी आहे. गौरी-गणपतीत भरपूर फुलली. दिवाळीनंतर पिवळी पडून वाळली. रोज पाणी घालते, तरी फुटवा नाही. सासूबाई म्हणतात, काढून टाक, घरात भांडणं लागतात. काय करू?"

ताई, आधी पाणी बंद करा. वेल मेलेली नाही, झोपली आहे. कळलावीचा जीव जमिनीतल्या कंदात असतो. पावसाळा सरला की वरचं सगळं वाळतं आणि कंद मृगाच्या पावसापर्यंत तसाच पडून राहतो. या दिवसांत माती ओली राहिली की तो कुजतो. गडग्याच्या दगडांत ही वेल कुणी पाणी न घालता दरसाल उगवते, ती त्यामुळेच.

वाळलेली वेल कात्रीने कापा, ओढू नका. शंका असेल तर माती हाताने हलकेच बाजूला सारा. कंद दोन हात फाकवल्यासारखा, नांगरासारखा दिसेल. संस्कृतात हिला 'लांगली' म्हणतात ते यावरूनच. टणक लागला तर निर्धास्त राहा, मऊ पडून वास मारत असेल तर तो गेला. प्रत्येक हाताच्या अगदी टोकाला डोळा असतो आणि कंद फार ठिसूळ. टोक मोडलं की तो हात फुटत नाही, म्हणून तिथे कुदळ नको.

जागा बदलायची तर मेअखेर बदला. पाणी साचणार नाही अशी भुसभुशीत माती, थोडं कुजलेलं शेणखत, कंद आडवा आणि 2 ते 3 इंच खोल. आधाराला जाड खांब देऊ नका. हिच्या पानाचं टोकच तणाव्यासारखं वळतं आणि ते बारीक काडीलाच धरतं. करवंदीच्या फांद्या किंवा तारेची जाळी उत्तम. पावसाळ्यात पानांवर ठिपक्यांच्या काळ्या अळ्या दिसल्या तर सकाळीच वेचून साबणाच्या पाण्यात टाका, त्या दोन-चार दिवसांत वेल बोडकी करतात.

आता सासूबाईंचं. भांडणाची समजूत नावामुळे पडली. 'कळ' ही बाळंतपणाची, पूर्वी त्यासाठी हिचा कंद वापरत. तसं कुणी आज अजिबात करू नये. वेलीत कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. म्हणून वेल जरूर ठेवा, पण सासूबाईंची काळजी मी उडवून लावणार नाही. हा कंद कणगर (खायचा कंद) किंवा रताळ्याजवळ कधीही लावू नका, खणताना गफलत होते. लहान मुलं आणि गुरं पोहोचतील तिथेही नको. कंदाला हात लावताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. त्यांची वाट न पाहता, घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा आणि वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.

शेजारणीला हवी असेल तर जंगलातले कंद उकरून देऊ नका, तिथली वेल त्यामुळेच कमी होतेय. पिकलेल्या बोंडातल्या लालभडक बिया द्या. बियांपासून फुलं यायला तीन-चार वर्षं लागतात, हे तिला आधीच सांगा, म्हणजे दुसऱ्या वर्षी ती कंटाळून वाफा मोडणार नाही.