तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं: उसण भरली की तीच गोळी?

प्रश्न: माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या. मागच्या महिन्यात पाण्याची कळशी उचलताना पाठीत उसण भरली, डॉक्टरांनी 5 दिवसांची गोळी दिली, लगेच आराम पडला. पण त्यानंतर त्या मेडिकलमधून रिकामी स्ट्रिप दाखवून तीच गोळी आणतात आणि सकाळ-संध्याकाळ घेतात, आता तीन आठवडे झाले. स्ट्रिपवर एसिक्लोफेनॅक 100, पॅरासिटामॉल 325, क्लोरझोक्साझोन 250 असं लिहिलंय. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी चालूच आहे. दोन दिवस झाले लघवी केशरी होतेय, आणि त्या म्हणतात मी गॅसची गोळी घेते ना मग कशाला घाबरायचं. काय करू?
— एक सूनबाई, सिन्नर

उत्तर: ताई, आधी ती दुखण्याची गोळी बंद करा, आजच. ही हळूहळू कमी करत सोडायची गोळी नाही, एकदम बंद केली तरी चालते. बीपीची गोळी मात्र मनाने थांबवू नका. आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे नेऊन बीपी, क्रिएटिनिन (किडनी नीट काम करतेय का हे सांगणारी रक्ततपासणी), सोडियम-पोटॅशियम आणि लिव्हरची तपासणी करून घ्या.

तुम्ही स्ट्रिपची मागची बाजू वाचलीत हे फार बरं केलं, कारण पुढे ब्रँडचं एकच नाव असतं आणि आत तीन औषधं. एसिक्लोफेनॅक सूज आणि दुखणं कमी करतं, पॅरासिटामॉल त्याला जोड, आणि क्लोरझोक्साझोन आखडलेला स्नायू सैल करायला. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे एसिक्लोफेनॅकची 200 मिलिग्रॅमची मर्यादा तिथेच पूर्ण झाली, आता मध्येच डोकं दुखलं म्हणून काँबिफ्लॅम घेतली तर आयबुप्रोफेन म्हणजे त्याच जातीचं दुसरं औषध वरून पडलं, ताप आला म्हणून डोलो घेतली तर पॅरासिटामॉल डबल. घरात सगळ्यांना वाटतं वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या.

मला खरी काळजी किडनीची वाटते. किडनीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवणारं एक रसायन शरीर स्वतः बनवतं आणि एसिक्लोफेनॅकसारखी औषधं नेमकं तेच बनू देत नाहीत. टेल्मिसार्टनमुळे किडनीच्या गाळणीतला दाब आधीच कमी झालेला असतो, क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी-मीठ काढतं, म्हणजे तिन्ही बाजूंनी किडनीवरच ताण. त्यात उन्हाळा, नाहीतर जुलाब-उलट्या, नाहीतर एकादशीचा निर्जळी उपास आला की क्रिएटिनिन चढायला वेळ लागत नाही, आणि सुरुवातीला काही दुखतही नाही, हीच पंचाईत. वर या दुखण्याच्या गोळीने बीपी वाढतं आणि मग बीपीच्या गोळीचा डोस वाढवला जातो. (जाता जाता, मेलेल्या गुरांच्या अंगातल्या ज्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मेली, एसिक्लोफेनॅक त्याचंच भावंड. गिधाडांची किडनीच निकामी व्हायची, म्हणून आपल्याकडे जनावरांसाठी डायक्लोफेनॅक 2006 मध्ये आणि एसिक्लोफेनॅक 2023 मध्ये बंद झालं. माणसाचं तसं होत नाही, पण औषध साधंसुधं नाही एवढं लक्षात यावं.)

गॅसची गोळी जठराला वाचवते, तेही बऱ्यापैकी. किडनीला तिचा काही उपयोग नाही. शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा पाय-चेहरा सुजला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

केशरी लघवी बहुतेक क्लोरझोक्साझोनमुळेच, त्याने रंग बदलतो आणि गोळी थांबली की जातो. पण रंग गडद चहासारखा असेल, डोळे पिवळे दिसत असतील, जेवण नको वाटत असेल तर तो लिव्हरचा मामला, कारण या औषधाने क्वचित लिव्हरला जोराची इजा होते.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. स्नायू सैल करणारी ही औषधं कंबरेवर जाऊन काम करत नाहीत, मेंदू आणि मज्जारज्जूवर करतात, म्हणून गुंगी येते. या वयात रात्री बाथरूमला उठताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं तर उसण परवडली म्हणायची वेळ येते. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केलीय, त्यात क्लोरझोक्साझोन आहे.

आणि तीन आठवड्यांनी दुखत असेल तर ती साधी उसण आहे का हेच आधी बघायला हवं. पायातली ताकद कमी वाटणं, लघवी अडणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा यातलं काही असेल तर त्याच दिवशी दाखवा. नसेल तर शेक, थोडं थोडं चालणं आणि गोळीची गरज पडलीच तर डॉक्टरांना विचारून नुसतं पॅरासिटामॉल. झोपून राहू देऊ नका.

प्रश्न: मी टेम्पो चालवतो. मान आखडते म्हणून एसिक्लोफेनॅक आणि टिझानिडिनची गोळी दिलीय. रात्री गोळी घेतली तर सकाळी गाडी चालवली तर चालेल ना? आणि एखादा पेग?
— एक वाचक, चाकण

उत्तर: दादा, पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या आणि सकाळी डोकं जड वाटतंय का बघा. कोणाला काहीच होत नाही, कोणी दुपारपर्यंत पेंगतो. जड वाटलं तर स्टेअरिंगला हात लावू नका, डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. टिझानिडिन हेही स्नायू सैल करणारं औषध, त्याने बीपीही उतरतं, तेव्हा झोपेतून झटकन उठू नका आणि केबिनमधून उडी मारून उतरू नका. पेग नाही म्हणजे नाही, दारूने टिझानिडिनची गुंगी वाढते आणि एसिक्लोफेनॅकने जठरातून रक्त जायची भीतीही वाढते. आणि मध्येच दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक लिहिली, जुलाबासाठी म्हणा किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी, तर ही गोळी चालू आहे हे त्यांना सांगाच, दोन्ही एकत्र चालतच नाहीत, रक्तातलं टिझानिडिन कित्येक पटीने वाढून माणूस चक्कर येऊन पडतो.

प्रश्न: बाळ 4 महिन्यांचं, अंगावर पितं. कंबरेत चमक भरलीय. आईच्या डब्यात थायोकोल्चिकोसाइडवाली गोळी आहे, घेऊ का?
— एक नवी आई, मिरज

उत्तर: नको. थायोकोल्चिकोसाइड हेही स्नायू सैल करणारं औषध, ते गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना घ्यायचं नाही. त्याच्यापासून शरीरात बनणाऱ्या एका पदार्थाने पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्या बिघडू शकते, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये हे निर्बंध सुचवले, आणि बाकीच्यांनाही पोटातून 7 दिवसांच्या वर देऊ नका म्हणाले. तुम्हाला पॅरासिटामॉल चालेल, आणि पाजताना पाठीमागे उशी घ्या, वाकून पाजू नका. आईलाही विचारा, त्या किती दिवसांपासून घेतायत.