इसबावरच्या नव्या मलमाच्या चाचणीत भाग घ्यावा का?

तुमचं वय २६, लहानपणापासून मानेवर आणि कोपराच्या खोबणीत इसब (अॅटोपिक डर्मटायटिस). वाशीच्या डॉक्टरांनी नव्या मलमाच्या चाचणीबद्दल विचारलंय आणि घरचे म्हणतात, "तुझ्यावर प्रयोग करतील."

ठाण्यात अशा चाचण्यांची कोऑर्डिनेटर म्हणून मी काम केलंय. प्रयोग करतातच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण लोक घाबरतात ते भलत्याच गोष्टीला: मला नुसता बेसच, म्हणजे औषध न घातलेलं मलम, मिळाला तर? कोणाला औषधाची ट्यूब आणि कोणाला बिनऔषधाची, हे संगणक ठरवतो. डॉक्टरांनाही कळत नाही. पण मलमाचा बेस बहुधा पेट्रोलॅटमसारखा (व्हॅसलीनसारखा) स्निग्ध असतो. कोरड्या, फुटलेल्या त्वचेला तो नेमाने लावला तरी फरक पडतो, म्हणून तर औषधाची तुलना त्याच्याशी करतात.

खरा त्रास सुरुवातीला. चालू असलेलं स्टेरॉइडचं किंवा टॅक्रोलिमसचं मलम आधी काही दिवस बंद ठेवावं लागतं. त्याला वॉशआउट म्हणतात. मे महिन्यात ठाणे-वाशी लोकलमध्ये घामाने निथळत उभं राहायचं आणि मान चरचरत असताना हाताशी मलम नाही, हे जड जातं. म्हणून डॉक्टरांना आधी हेच विचारा: फारच उठलं तर काय देणार, आणि ते घेतलं तर चाचणीतून बाहेर काढणार का?

लावायचंही मोजून. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम; तेवढं हाताच्या दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरतं. रोज डायरीत खाजेला ० ते १० मधला आकडा द्यायचा. भेटीला आलात की ट्यूब काट्यावर तोलतात. एका बाईंनी ती बेसिनमध्ये पिळून आणली होती. वजन अगदी बरोबर, डायरी मात्र एकाच बैठकीत, एकाच पेनने भरलेली! डॉक्टर लाली, जाडी, ओरखडे वगैरे बघून ० ते ७२ मधला 'ईझी' स्कोअर काढतात. त्यात तुमचं काम फक्त शर्ट काढून बसायचं.

सध्याच्या मलमाने भागत असेल तर मी म्हणेन, कशाला? पण वर्षानुवर्षं स्टेरॉइड लावून त्वचा पातळ झाली असेल, तर विचार जरूर करा.

सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर चाचणी सापडते का ते बघा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही आहे. मधेच सोडायचा हक्कही आहे, कारण द्यावं लागत नाही. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, घरच्यांनाही वाचू द्या. "सही आत्ताच करा" म्हणाले, तर सरळ उठून या.