पालापाचोळ्याचं आच्छादन घालताना

कोरड्या मातीवर आच्छादन पसरू नका. आधी जमीन वीतभर खोल भिजवा. नाहीतर हलका पाऊस पाचोळ्यातच मुरतो आणि खालची माती कोरडी ठणठणीत राहते. वाळलेल्या पाल्याचा थर ८ ते १० सेंमी हवा. २ सेंमी म्हणजे निव्वळ शोभा, तण त्यातून आरामात डोकं काढतं. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा. ओला पाला सालीला चिकटला की बुंधा कुजतो. लाकडाचा भुसा मातीत कालवू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात, रोपं पिवळी पडतात. वरच राहिला तर फारसं बिघडत नाही. ताजं गवत जाड टाकलंत तर त्याची चिकट, वास मारणारी पोळी होते. आधी उन्हात सुकवा. आणि बी धरलेलं तण? ती तर पेरणीच झाली!