‘ॲबनॉर्मल’चा खरा बाप आणि थाऱ्यावरचं मन

प्रश्न असा आहे : ‘मानसिकदृष्ट्या नॉर्मल’ला मराठीत ‘सामान्य’ म्हणावं का, आणि जवळचं माणूस गेल्यावर कित्येक महिने रडणाऱ्याला ‘ॲबनॉर्मल’ म्हणणं बरोबर का?

‘सामान्य’ नको. दातदुखी अगदी सामान्य आहे, म्हणून तिला कुणी आरोग्य म्हणत नाही. शरीराचं तापमान, रक्तदाब नॉर्मल असण्याबद्दल वाद नाहीच. संताप येतो तो कुणी दोन दिवस गप्प राहिलं की ‘ती नॉर्मल नाहीये’ असं सहज म्हणून टाकतात त्याचा.

लॅटिनमध्ये ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं साधन. त्यावरून नॉर्मल म्हणजे काटकोनात असलेलं. भूमितीतल्या अभिलंबाला इंग्रजीत अजूनही नॉर्मलच म्हणतात. माणसांना हा गुण्या लागला एकोणिसाव्या शतकात. केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३५ साली ‘सरासरी माणूस’ मांडला आणि त्यालाच आदर्श ठरवलं.

पण खरी गंमत ‘ॲबनॉर्मल’मध्ये आहे. ‘नोर्मा’च्या आधी ‘ॲब’ लागून तो झाला, असं सगळे ठोकून देतात. मूळ शब्द ग्रीक ‘अनोमालोस’. लॅटिनमध्ये येताना त्यावर ‘नोर्मा’ची छाया पडली, मधे ‘र’ घुसला आणि पुढे सुरुवातही बदलली. अनोमालोस म्हणजे ‘अन्’ अधिक ‘होमालोस’. होमालोस म्हणजे सपाट, सारखं. तो ‘होमोस’वरून आला, आणि होमोस हा आपल्या ‘सम’चा सख्खा भाऊ! संस्कृतातल्या आरंभीच्या ‘स’च्या जागी ग्रीकमध्ये ‘ह’ येतो : सप्त, हेप्टा. म्हणजे ॲबनॉर्मल हा मुळात ‘विषम’. सुश्रुताची स्वस्थ माणसाची व्याख्या याच ‘सम’ने सुरू होते, ‘समदोषः समाग्निश्च’, आणि ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’पर्यंत, म्हणजे आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असण्यापर्यंत जाते. हा समतोल एकाच माणसाच्या आतला आहे. शेजाऱ्याशी तुलना त्यात कुठेच नाही.

म्हणूनच ‘ॲबनॉर्मल सायकॉलॉजी’साठी पाठ्यपुस्तकांत वापरलेलं ‘अपसामान्य मानसशास्त्र’ मला मुळीच मान्य नाही. अपमान, अपकीर्ती, अपशकुन यांच्या पंगतीत आजारी माणसाला बसवायचा अधिकार परिभाषा घडवणाऱ्यांना कुणी दिला?

मराठीत याहून चांगली सोय आहे. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःत स्थित. ‘मराठीत स्वस्थ म्हणजे निवांत, आरोग्याचा अर्थ हिंदीचा,’ हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप अर्धाच खरा आहे. ‘स्वास्थ्य’ आपण दोन्ही अर्थांनी वापरतो. माझं मत असं की मराठीने मनाचं आरोग्य कायम जागेवरून ओळखलं. मन थाऱ्यावर असतं, डोकं ठिकाणावर असतं, माणूस भानावर येतो, ताळ्यावर येतो. बिघडलं की मन सैरभैर होतं, डोकं फिरतं, भान हरपतं. सुटलेलं मन जागेवर परत येऊ शकतं, हे या भाषेतच गृहीत धरलेलं आहे. काटकोनातून कलणं इथे नाहीच. शिवाय ‘अस्वस्थ’ माणूस मराठीत आजारीच असतो असं नाही. त्याच्या जिवाची घालमेल होत असते, आणि त्याला बहुधा सबळ कारण असतं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत पूर्वी आप्त गेल्यानंतरचे पहिले दोन महिने नैराश्याच्या निदानातून सहसा वगळलेले होते. २०१३ मध्ये ती सवलत गेली. २०२२ मध्ये ‘लांबलेला शोक’ हा विकार तिथे आला. प्रौढांसाठी मुदत किमान १२ महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हीच मुदत ६ महिने आहे! अर्थात नुसत्या मुदतीवर निदान होत नाही. रोजचे व्यवहार कोलमडलेले असावे लागतात. तसं झालं असेल तर डॉक्टरकडे जावं, आणि त्याला सरळ ‘आजार’ म्हणावं. कामधाम करून रात्री रडणारा माणूस दुःखात आहे. त्याला ‘ॲबनॉर्मल’ म्हणू नये, ‘सामान्य’ म्हणून समजूतही काढू नये. ‘त्याचं मन अजून थाऱ्यावर नाही’ एवढं मराठी वाक्य पुरेसं आहे.

जाता जाता : ‘स्वस्थ’ आणि ‘स्वस्ति’ एकाच कुळातले नाहीत. स्वस्ति म्हणजे सु अधिक अस्ति, त्यात ‘स्व’ नाही. शुभेच्छापत्रांवर ही गल्लत आता थांबवा.