नऊला झोपवूच नका

प्रिय ताई,

तुमचा सहा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा नऊला अंथरुणात जातो, पण साडेअकरापर्यंत जागाच असतो. तुम्ही शेजारी पडलात तरच त्याचा डोळा लागतो आणि दोनला उठून तो पुन्हा तुम्हाला शोधतो. घरातले म्हणतात, ‘लाडावलाय, रडू दे एकदा.’ तसं करू का, असं तुम्ही विचारलंय.

हे लाड नव्हेत. ऑटिझम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो.

आधी डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठता, छातीतली जळजळ, घोरणं, लोहाची कमतरता, फिट्स यांनीही झोप मोडते आणि कमी बोलणारं मूल ते सांगू शकत नाही. झोप यावी म्हणून देतात ते मेलाटोनिनही त्यांनाच विचारून, मनाने नको.

तपासणीत काही निघालं नाही, तर त्याला नऊला झोपवूच नका. रोज अडीच तास अंथरुणात तळमळून तो तिथे जागं राहायलाच शिकतोय. आठवडाभर वहीत झोपेच्या वेळा टिपा. साडेअकराच निघाली, तर तेव्हाच अंथरुणात न्या. पंधरा-वीस मिनिटांत झोपू लागला की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या, दोन-तीन रात्री ती जमली की आणखी पंधरा. उठायची वेळ मात्र सुट्टीलाही तीच आणि दुपारची डुलकी बंद. सुरुवातीला दिवसा किरकिर होईल, ती सोसावी लागेल.

दात घासणं, कपडे बदलणं, एक गोष्ट, दिवा बंद हा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावा. एकेक झालं की चित्र त्यालाच काढू द्या. ‘आता झोप’ हे शंभरदा सांगण्यापेक्षा पुढे काय होणार हे दिसलेलं या मुलांना जास्त पटतं.

आता दोनचं जागरण. रात्री थोडी जाग सगळ्यांनाच येते. झोपताना आई शेजारी होती, जाग आली तेव्हा नाही, म्हणून तो शोधतो. त्यामुळे उपाय झोपतानाच करायचा. आधी शेजारी पडण्याऐवजी खुर्चीवर बसा, काही दिवसांनी खुर्ची दाराजवळ, मग दाराबाहेर.

एकदम रडू देण्याचा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही. रडणं कमी होण्याआधी बहुधा वाढतं आणि तिसऱ्या रात्री तुम्ही विरघळलात, तर ‘जास्त रडलं की आई येते’ एवढंच तो शिकेल. तो स्वतःला मारून घेत असेल, तर हा विचारही नको.

आणि सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीतरी एक आड एक रात्र ती खुर्ची सांभाळावी. दोनला उठला तर गप्पा नाहीत, दिवा नाही, हात धरून परत अंथरुणात. सगळ्यांनी अगदी तसंच.